नापासताईची भिंत

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे नापासताई म्हणायचे. नाव ऐकून कुणालाही वाटावं की बाई शाळेत गटांगळ्या खाऊन आलेली असणार. तसं काही नव्हतं. तयार झालेला बूट डब्यात जाण्याआधी ज्या शेवटच्या टेबलावर येतो, तिथे ती बसायची. जोड उचलायचा, उजेडाकडे धरायचा, तळ वाकवून बघायचा आणि मग हात आत घालून बोटांच्या टोकांनी अस्तर चाचपायचं. कुठे खिळ्याचं टोक वर आलेलं, कुठे गोंदाची गाठ, कुठे शिवणीचा दोरा सुटलेला. काही सापडलं की लाल शिक्का: नापास. मालकाच्या मेव्हण्याने हौसेने स्वतः शिवलेला जोडही तिने एकदा नापास केला होता. त्यानंतर पंधरा दिवस मेव्हणा तिच्या टेबलासमोरून जाताना छताकडे बघत जायचा. सव्वीस वर्षं हे काम करून तिला अशी खोड लागली होती की दुकानात पातेलं घेतानाही ती आधी त्याच्या आतून हात फिरवायची.

अशा या डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या बाईने आयुष्यात एकाच माणसाचं काम कधी तपासलं नाही. तो तिचा थोरला भाऊ.

दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत त्याची नोकरी. कुठली गाडी कुठून सुटते, किती वाजता, मधे कुठे बदलावी लागते, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. परक्या माणसालाही तो इतक्या आपुलकीने सांगायचा की गाडी चुकलेले लोकसुद्धा त्याचे आभार मानून जायचे. आई लवकर गेली, वडील दोन-दोन पाळ्या करायचे, त्यामुळे धाकटीला वाढवण्याचं काम त्याच्याच अंगावर पडलं, आणि ते त्याने मनापासून केलं, हे कबूल करायलाच हवं. तिची वेणी त्याने घातली, सायकल त्याने शिकवली. अकराव्या वर्षी गालगुंडामुळे ती घरात अडकून पडली होती, तेव्हा बुद्धिबळही त्यानेच शिकवलं. तो तिला ‘चिमे’ म्हणायचा. ती सत्तेचाळीस वर्षांची झाली, कानशिलं पिकली, तरी चिमेच.

ही गोष्ट फोनमध्ये बुद्धिबळ येण्याच्या आधीची आहे. तेव्हा माणूस माणसाकडूनच शिकायचा, आणि शिकवणाऱ्याने जे सांगितलं नाही ते नसतंच, असं धरून चालायचा.

डावाची सुरुवात कशी करायची याच्या बुद्धिबळात मळलेल्या वाटा असतात. प्रत्येक खेळाडू त्यातल्या एक-दोन आपल्याशा करतो आणि जन्मभर त्यांच्यावरूनच चालतो. काळी मोहरी हातात आली की नापासताईची वाट एकच: डच बचाव, आणि त्यातही दगडी भिंत. मधली चार प्यादी एकमेकांना खांदा देऊन अशी उभी करायची की समोरच्याला आत शिरायला फट सापडू नये. राजाला भिंतीमागे नेऊन बसवायचं आणि मग सावकाश आपलं काम करत राहायचं. ती एकोणीस वर्षांची असताना दादाने कुठूनतरी मिळवलेल्या पुस्तकातून ही सुरुवात एका वहीत उतरवून दिली होती. निळी शाई, ठसठशीत अक्षर, प्रत्येक पानावर नीट समास. तू हेच खेळत जा, तुझ्या स्वभावाला हेच शोभतं, असं तो म्हणाला, आणि ती तेच खेळत राहिली. अठ्ठावीस वर्षं. वहीची शिवण सुटली तेव्हा कारखान्यातल्या जाड दोऱ्याने तिने ती पुन्हा शिवून घेतली.

दर रविवारी ती दादाकडे जेवायला जायची. जेवण झालं की पट. भिंतीचा सराव व्हावा म्हणून काळी मोहरी नेहमी तिच्याकडे, हा दादाचा वही दिल्या दिवसापासूनचा नियम. त्यामुळे झालं काय, की घरी ती कधीच पांढऱ्या बाजूला बसली नाही. क्लबात पांढरी मोहरी वाट्याला यायची, पण तिथल्या वीस-बावीस जणांत भिंत खेळणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे आपली भिंत पलीकडून कशी दिसते, हे तिने जन्मात पाहिलं नाही. कारखान्यात एखाद्या नव्या मुलीने बूट असा एकाच बाजूने तपासला असता, तर हिने तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं. पण इथे दादा होता. दादाने दिलेल्या वहीत हात घालून खिळा शोधायचा असतो, हे तिच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती.

क्लब म्हणजे छापखान्याच्या वरची एक लांबट खोली. अकरा टेबलं, त्यातल्या तीन टेबलांच्या पायांखाली कागदाच्या घड्या, दोन तोंडांची घड्याळं, एक लोखंडी कपाट आणि त्या सगळ्यांहून जुने दिसणारे चिटणीस. वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. पहिले चार जण शहराच्या संघात. हा संघ मग गाडीत बसून दुसऱ्या शहरी जायचा, पाच दिवस खेळायचा, हरून किंवा जिंकून परत यायचा. चौथी जागा चौदा वर्षं दादाची होती. पाचवा नंबर सहा वेळा नापासताईचा. पाचव्याला काय मिळतं? चौघांना निरोप द्यायला स्थानकावर जायला मिळतं. ती जायची. दादाचा स्वेटर घडी करून पिशवीत ठेवायची, पेनात शाई भरून द्यायची आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहायची. तिला त्या गाडीत बसायचं होतं. बाकी आयुष्याकडून तिच्या फारशा मागण्या नव्हत्या. लग्न ठरता ठरता राहिलं, त्याचं तिने फार वाईट वाटून घेतलं नाही. घर लहान होतं, ते तिला पुरायचं. पण एकदा, फक्त एकदा, आपण आत आणि बाकीचे फलाटावर, असं तिला हवं होतं.

स्पर्धेत भावाबहिणीची गाठ पडायचीच. तेव्हा दादा पाचव्या-सहाव्या चालीलाच बरोबरीसाठी हात पुढे करायचा. घरातलं भांडण चारचौघांत कशाला, असं त्याचं म्हणणं. तीही हात मिळवायची. दरवर्षी अर्धा गुण त्याला, अर्धा तिला. लोकांना या दोघांचं कोण कौतुक. चिटणीस तर नव्या सभासदांना सांगायचे की भावंडं असावीत तर अशी.

त्या वर्षी दादाच्या कंबरेने असहकार पुकारला. डॉक्टरांनी अर्ध्या तासाच्या वर बसायला बंदी घातली. चौकशीच्या खिडकीतही तो आता उभा राहून गाड्या सांगू लागला. चार-चार तासांचे डाव खेळणं शक्यच नव्हतं. त्याने नाव काढून घेतलं आणि चौथी जागा मोकळी झाली. नापासताई त्या वर्षी अशी खेळली की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत. शेवटच्या फेरीला उभी राहिली तेव्हा ती चौथी होती, आणि तिच्या मागे फक्त अर्ध्या गुणाने औषधवाला. शेवटचा डाव नेमका त्या दोघांचाच, काळी मोहरी हिची. तिला बरोबरी पुरेशी होती.

औषधवाला म्हणजे दवाखान्यासमोरच्या औषधांच्या दुकानाचा मालक. गोळ्या मोजून द्यायचा तसंच मोजून बोलायचा. त्याच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती आणि कुणाला त्याच्याविषयी विशेष काही माहीतही नव्हतं.

आदल्या रविवारी तिने दादाला विचारलं, बरोबरीच तर हवी आहे, मग एखादी आणखी सपक सुरुवात बसवून घेऊ का? आठवडा हातात आहे. दादा बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, काही नको, ऐनवेळी वाट बदलू नये, आपली भिंतच बरी. वहिनी भांडी पुसत होती. ती हसून म्हणाली, वन्सं, यंदा स्वेटर मी घडी करून देणार, तुम्ही फक्त गाडीत बसा. नापासताईला त्या दिवशी घरी चालत जाताना उगीचच हसू येत होतं.

शनिवारी दुपारी डाव सुरू झाला. दादा कंबरेला आधार द्यायला उशी घेऊन आला होता आणि खिडकीपाशी बसला होता. पहिल्या सात चाली दोघांनी भराभर केल्या. भिंत उभी राहिली, राजा तिच्यामागे जाऊन बसला. आठव्या चालीला औषधवाल्याने राजाच्या बाजूचं, घोड्याच्या ओळीतलं प्यादं उचललं आणि एकदम दोन घरं पुढे आणून भिंतीच्या तोंडाशी ठेवलं. सरळ सरळ फुकट. हिच्या भिंतीतल्या एका प्याद्याने ते खाऊन टाकावं, एवढंच बाकी.

अठ्ठावीस वर्षांत असं तिच्याशी कुणी खेळलं नव्हतं. पण वहीचं पान तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्या पानाच्या तळाशी दादाने निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘हे प्यादं दिलं तर घ्यावं. काही होत नाही.’ तिने खिडकीकडे पाहिलं. दादा कंबरेवर हात ठेवून उठला होता आणि जिन्याकडे चालला होता. फार वेळ बसवलं नसेल त्याला, असं तिला वाटलं, आणि त्याही घाईत तिला त्याची कीव आली. तिने प्यादं खाल्लं.

नवव्या चालीला औषधवाल्याने अगदी कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. पुन्हा फुकट. तिने तेही खाल्लं. आता तिच्याकडे दोन प्यादी जास्त होती आणि अंगावर काटा होता. कारण कडेची ओळ आता साफ मोकळी झाली होती आणि त्या ओळीवरून पांढरा हत्ती थेट तिच्या राजाच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या मागून वजीर आणि उंट त्याच दारावर रोखलेले. भिंत होती तिथेच होती, फक्त तिचं एक प्यादं बाहेर पडलं होतं, आणि त्या जागेतून सगळं घर उघडं पडलं होतं. तिने घोडा मागे आणला, हत्ती आडवा घातला, राजाला कोपऱ्यातून पळवायचा प्रयत्न केला. घड्याळाचं तोंड तिच्याकडे होतं तेवढा वेळ ती पाण्याबाहेर काढल्यासारखी श्वास घेत होती. तेविसाव्या चालीला तिने आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

चौथी जागा गेली. चिटणिसांनी फळ्यावर गुण लिहिले, औषधवाल्याच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. नापासताई रडली नाही. हरणं तिला नवं नव्हतं. पुढच्या वर्षी, असं तिने मनाशी म्हणूनही टाकलं. आणि गोष्ट तिथेच संपली असती, तर फार बरं झालं असतं.

पण डाव संपला की दोघांनी तो पुन्हा मांडून बघायचा, कोण कुठे चुकलं ते मोकळेपणाने बोलायचं, अशी बुद्धिबळवाल्यांची रीत असते. दोघांनी मोहरी लावली. आठव्या चालीपाशी औषधवाला थांबला. त्याला काहीतरी खटकत होतं हे दिसत होतं.

‘ताई, खरं सांगू का,’ तो म्हणाला. ‘तुम्ही खाल असं मला वाटलंच नव्हतं. मी आपलं बघू या म्हणून टाकलं. म्हटलं, यांच्या घरात हे ठाऊकच असणार.’

‘आमच्या घरात?’

‘तुमच्या भावानंच मला मारलं होतं ना यात. वीस वर्षं झाली. तेव्हा मीही भिंतच खेळायचो. घरी जाऊन पंधरा दिवस डोकं आपटलं, काही उत्तर सापडेना. शेवटी भिंतच सोडली.’

ती ‘हो का’ म्हणाली. एवढंच म्हणाली. मग चिटणिसांकडे जाऊन तिने लोखंडी कपाटाची किल्ली मागितली. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला आपल्या चाली कागदावर लिहाव्या लागतात, आणि आमच्या चिटणिसांसारखा माणूस असले कागद कधी टाकत नाही. वर्षावार बांधलेले गठ्ठे होते. वीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा तिने सोडला आणि तो कागद तिला फार शोधावा लागला नाही, कारण ते अक्षर ती हजारांत ओळखू शकली असती. निळी शाई. पांढरा: दादा. काळा: औषधवाला. पहिल्या सात चाली त्याच. आठवी तीच. आणि आठव्या चालीपुढे दादाने दोन उद्गारचिन्हं काढली होती, म्हणजे अप्रतिम चालीची खूण.

तिला तो दिवस आठवला. त्या दिवशी कारखान्यात तिची कामाची पाळी होती म्हणून ती क्लबात गेली नव्हती. दादा कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता आणि हसत हसत म्हणाला होता, जिंकलो, तो कुठेतरी चुकला.

आता हिशेब कुणीही करावा. वीस वर्षं, म्हणजे हजारेक रविवार. त्या प्रत्येक रविवारी दादा पांढरी मोहरी घेऊन बसला, समोर तीच भिंत उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात त्या एका प्याद्याला टाळून दुसरीकडे गेला. वही तिच्याकडेच होती. ‘घ्यावं, काही होत नाही’ हे वाक्य खोटं आहे हे कळल्यावर त्याला ते एका रेघेने खोडता आलं असतं. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. आणि क्लबातल्या त्या बरोबऱ्या! हात पुढे यायचा तो सहाव्या चालीच्या आत, म्हणजे आठवी कधी येऊच नये. ज्या वर्षी ती हात मिळवायला नकार देईल, त्या वर्षासाठी ही चाल जपून ठेवली होती. सख्ख्या बहिणीसाठी. तेही घरी बोलावून, जेवू घालून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मला विचाराल तर सुरीने कापलेला परवडला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून तिने घरी पट मांडून त्या जागेवर डोकं फोडलं. दोन्ही प्यादी खाल्ल्यावर डाव वाचत नव्हता. पहिलं खाल्ल्यावर काही मार्ग आहे का, हे ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिला सापडला नाही. मग कपडे बदलून ती नेहमीच्या वेळेला दादाकडे गेली.

जेवताना तिने अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली. काल हरल्यामुळे असेल, असं समजून वहिनीने आग्रह केला नाही. ताटं उचलली गेली, दादाने पट काढला. तिने पर्समधून क्लबातून आणलेला तो कागद काढला आणि पटावर ठेवला.

दादाने चष्मा लावला, कागद वाचला, चष्मा काढला.

‘अरे, हे तर मी विसरूनच गेलो होतो,’ तो म्हणाला.

‘दोन उद्गारचिन्हं आहेत, दादा. तू एकसुद्धा कधी काढत नाहीस.’

 वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. मग दादा बोलायला लागला. त्या वर्षी चिमीने त्याला ओळीने पाच रविवार हरवलं होतं. त्यानेच शिकवलेल्या खेळात, त्यानेच लिहून दिलेल्या वहीतून. त्याला अभिमान वाटला होता, हे त्याने दोनदा सांगितलं. पण नुसता अभिमान वाटला नव्हता. आणि नेमकी तेव्हाच ही चाल सापडली. एक तरी गोष्ट आपल्याकडे असू दे, एवढंच मनात आलं, आणि मग ते राहिलंच. वर्ष जाईल तसं सांगणं अवघड होत गेलं.

‘मी बरोबरी नाकारली असती, तर खेळला असतास?’

‘हो,’ दादा म्हणाला.

खोटं बोलला नाही, याबद्दल त्याला काही द्यायचं असेल तर द्यावं.

‘गेल्या रविवारी मी विचारलं, दुसरं काही बसवू का. तेव्हा तुला ठाऊक होतं तो हे खेळेल?’

‘खेळेलच असं काही नव्हतं.’

‘दादा.’

‘वाटलं होतं,’ तो म्हणाला. मग कुणी न विचारता म्हणाला, ‘कंबर बरी झाली ना, चिमे, तर पुढच्या वर्षी ती जागा मला औषधवाल्याकडून परत घेता येईल. तुझ्याकडून मला ती घेता आली नसती.’

वहिनीच्या तोंडून ‘अहो’ एवढंच निघालं आणि ती आत निघून गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ सुरूच राहिला.

नापासताईला वाटलं होतं की आपण ओरडू. काही तरी फेकू. तसं काही झालं नाही. तिला फक्त अतिशय थकवा आला. आई गेली त्या वर्षी ज्याच्या कुशीत ती झोपायची तो हा माणूस, आणि समोर बसलेलाही हाच. दोघांतला एक खोटा असता तर सोपं झालं असतं. दोघेही खरे होते आणि त्यामुळे तिला कुठे उभं राहावं तेच कळेना.

तिने कागद उचलून बाजूला ठेवला आणि पट फिरवला. या घरात अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा पांढरी मोहरी तिच्या बाजूला आली. दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, संपलं, झालं गेलं गंगेला मिळालं, खेळू या म्हणते आहे. त्याचा चेहरा एकदम सैल पडला. त्याने लगबगीने काळी मोहरी नीट लावली, एक घोडा तिरका होता तोही सरळ केला.

ती औषधवाल्याच्या चाली खेळू लागली. दादा भिंत बांधू लागला. पलीकडून पाहिल्यावर तिला आपली भिंत लहान दिसली. आठव्या चालीला तिने घोड्याच्या ओळीतलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. दादाने ते खाल्लं. नवव्या चालीला तिने कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

दादाचा हात लगेच पुढे आला. त्याने ते दुसरं प्यादं खाल्लं नाही. पहिलं प्यादं खाऊन पुढे आलेलं आपलं प्यादं त्याने फक्त एक घर पुढे ढकललं आणि हात मागे घेतला. विचार करायला तो थांबलाच नव्हता. बोटांनीच ती चाल केली.

नापासताईने पटाकडे पाहिलं. कडेचं पांढरं प्यादं आपल्याच हत्तीच्या वाटेत अडकून बसलं होतं. ओळ बंद. हत्ती जागच्या जागी. वजीर आणि उंट बंद दाराकडे बघत उभे. हल्ला म्हणून काही उरलाच नव्हता. भिंतीत भोक नव्हतं. कधीच नव्हतं. एक प्यादं, एक घर, एवढंच कुणी सांगितलं असतं, तर काल तिची बरोबरी कुठे गेली नव्हती, आणि येत्या गुरुवारी ती गाडीत असती. आपण काय केलं हे दादाच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने हात पटाखाली मांडीवर नेऊन ठेवला.

‘हे कधी सापडलं तुला?’ तिने विचारलं.

‘त्याच आठवड्यात,’ दादा म्हणाला.

तिने पर्स घेतली, चपला घातल्या. दादा मागून म्हणाला, डाव तर पुरा कर. दहावी चाल तिची होती. ती तिने अजून केलेली नाही.